'गाडी कशी आहे?' असं विचारू नका

समजा, वाहनमालकांचे अनुभव हा तुमचा संशोधनाचा विषय आहे. तुम्ही मालकांना विचारलंत, "गाडी कशी आहे?" निम्मे म्हणाले झकास, निम्मे म्हणाले पैसे पाण्यात गेले. आता सरासरी काढणार का? जरा थांबा.

अमेरिकेतल्या फोर्ड एफ-१५० या पिकअप ट्रकचं उदाहरण घेऊ. २०११च्या मॉडेलपासून त्यात ३.५ लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बो असलेलं 'इकोबूस्ट' इंजिन मिळू लागलं. त्याच ट्रकमध्ये ५ लिटरचं व्ही-८ सुद्धा मिळायचं. ताकद जवळपास सारखीच: छोट्याची ३६५ हॉर्सपॉवर, मोठ्याची ३६०. मग मायलेजवरून मालकांची इतकी टोकाची मतं का?

टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो, आणि जास्त हवेला जास्त इंधन लागतं. रिकामा ट्रक हायवेवर सावकाश चालवला तर टर्बोला फारसं काम नसतं आणि छोटं इंजिन पेट्रोल वाचवतं. मागे जड ट्रेलर जोडला की तेच इंजिन मोठ्या इंजिनासारखं पितं. म्हणजे दोन्ही मालक खरं बोलतायत, तुम्ही ओझं विचारायचं विसरलात! सरासरी काढली असतीत, तर हा फरकच पुसला गेला असता.

दुसरी गोष्ट आणखी बोलकी आहे. सुरुवातीच्या काही मालकांची तक्रार होती की ओव्हरटेक करताना जोरात ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन अडखळतं. नुसतं 'इंजिन खराब' असं नोंदवलं असतं तर हाती काहीच लागलं नसतं. पण तक्रारींत परिस्थितीही होती: दमट हवा, हायवेवर बराच वेळ एकाच वेगाने प्रवास, मग अचानक जोर. त्यातून कारण दिसू लागतं. थंड पाण्याच्या ग्लासवर बाहेरून थेंब जमतात ना, तसं टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमध्ये पाणी साचतं. ॲक्सिलरेटर दाबताच हवेच्या झोतासोबत ते सिलिंडरमध्ये जातं आणि मिसफायर होतो. २०१३मध्ये अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेने अशा तक्रारींवरून चौकशीही सुरू केली होती.

मात्र एक सापळा लक्षात ठेवा. 'किती टक्के गाड्यांत हा दोष आहे?' याचं उत्तर तक्रारी मोजून मिळत नाही. ज्याची गाडी नीट चालते तो कशाला लिहायला बसतो? अंश तुमच्याकडे आहे, छेद नाही. टक्केवारी हवी असेल तर विकलेल्या सगळ्या गाड्यांमधून यादृच्छिक नमुना काढावा लागेल.

आज तुमची प्रश्नावली उघडा. 'कशी वाटली?' हा प्रश्न ठेवायचा तर ठेवा, पण त्याखाली आणखी तीन लिहा: केव्हा घडलं, त्या वेळी ओझं किती होतं, त्याआधी गाडी कशी चालत होती? विश्लेषणाला बसाल तेव्हा हीच उत्तरं कामाला येतील.