छायालेखकाचा ‘तमस’

१९४० साली कराचीत जन्मलेल्या आणि फाळणीच्या प्रलयात बालवयातच निर्वासित झालेल्या गोविंद निहलानी यांनी बंगळूरला छायालेखनाचे रीतसर शिक्षण घेतले, व्ही. के. मूर्तींसारख्या प्रकाशाच्या मर्मज्ञाकडे उमेदवारी केली आणि ‘शांतता! कोर्ट चालू आहे’पासून श्याम बेनेगलांच्या ‘अंकुर’पर्यंत कॅमेरा सांभाळला. पुढे विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरील ‘आक्रोश’ने ते दिग्दर्शक झाले, हे सर्वश्रुतच आहे.

परंतु छायालेखकाच्या दृष्टीची खरी कसोटी, माझ्या मते, दूरदर्शनवर लागली. भीष्म साहनींच्या फाळणीविषयक कादंबरीवरील ‘तमस’ ही मालिका १९८८च्या प्रारंभी प्रसारित होऊ लागली, तेव्हा ज्या लहानशा पडद्यावर सारे लख्ख उजळून दाखवण्याचाच प्रघात होता, तेथे निहलानींनी अंधाराला स्थान दिले. आणि त्या अंधाराचा कॅमेरा, विलक्षण योग असा की, गुरू मूर्तींच्याच हाती होता.

‘तमस’चे प्रक्षेपण थांबवावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज गुदरला गेला, मनाईहुकूमही निघाला. पण खंडपीठाच्या न्यायमूर्तींनी संपूर्ण मालिका स्वतः पाहून तो रद्द केला, आणि सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम राखला.