पांढरा जीव दिसला, आधी पाय मोजा

चकलांबा भागातील काळ्या रानात खोडव्याचे बुडखे उकरताना जोंधळ्याच्या दाण्याएवढा पांढरा, चपळ जीव दिसला, की हुमणीचे पिल्लू समजून औषध आणायला धावू नका. आधी भिंगातून पाय मोजा. हुमणीला पायांच्या 3 जोड्या, अंग जाड व अर्धचंद्रासारखे वळलेले. या जीवाला पूर्ण वाढल्यावर 12 जोड्या, अंग सरळ, मिशा लांब, डोळे मुळीच नाहीत. हा सिम्फायला, गोमेचा भाऊबंद.

त्याला स्वतः बीळ पाडता येत नाही. भेगा आणि गांडुळांच्या बिळांतून तो फिरतो. रान सुकले की खाली ओलीत जातो. कुजका पाला, बुरशी हे त्याचे खाणे. मात्र त्याच्या स्कुटिजेरेलिडी कुळातील काही जाती फार वाढल्या, तर कोवळ्या मुळ्यांची टोके कुरतडतात. हवाई बेटांत अननसाला असा उपद्रव झाला आहे.

म्हणून चार-दोन दिसले तर पैसा घालवू नये. मुळ्यांची टोके खुंटलेली दिसली, तर मुळ्यांसकट ढेकूळ आमच्याकडे आणा. खात्री करूनच उपाय सांगू. आणि पाचट जाळू नका. ते कुजविण्याच्या कामी हाही आपला एक गडी आहे.