जेवणानंतर घ्यायची गोळी

‘ही गोळी जेवणानंतर घ्या,’ डॉक्टर सहज सांगून जातात. पण जेवणच नसेल तर? अमेरिकेत माजी सैनिक स्त्रिया वीस लाखांच्या आसपास आहेत. त्यांतल्या कितीतरी जणींपुढे हा प्रश्न असतो, आणि डॉक्टरांना तो त्या विचारत नाहीत.

लष्कराची शिस्त शिकवते : कुरकुर करायची नाही. मुलांना वाढून स्वतः पाणी पिऊन झोपणारी आई आपल्यालाही काही अनोळखी नाही. तिला मधुमेह असेल तर? उपाशीपोटी इन्सुलिन घेतलं की साखर एकदम उतरते, घाम फुटतो, भोवळ येते. म्हणून ती डोसच चुकवते. कागदावर शेरा पडतो, ‘औषध नियमित घेत नाही’. पुढच्या वेळी बोलणी खायला जायचं कशाला? बसभाडं वाचलं, तेवढाच पाव येतो!

माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत २०१७ पासून घरात अन्न पुरतं का, हे प्रत्येकीला विचारू लागले. चांगलंच झालं. पण मुलं शेजारी बसलेली असताना, घाईघाईत विचारलं तर कोणती आई ‘नाही पुरत’ म्हणेल? मुलं काढून नेतील, ही धास्ती वेगळीच. दार लोटून, खुर्ची जवळ ओढून विचारलं, तर कदाचित सांगेल.