लठ्ठपणा : सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आणि शस्त्रक्रियेचा मार्ग

आमच्या बाह्यरुग्ण विभागातील जुन्या वजनकाट्यावरचा शेवटचा आकडा 130 होता. त्याहून अधिक वजनाचा रुग्ण आला म्हणजे सुई टोकास जाऊन थांबे आणि परिचारिका केसपेपरवर '130 पेक्षा जास्त' एवढेच लिहून पुढच्या रुग्णास हाक मारी. रुग्णही खाली मान घालून काट्यावरून उतरे. त्या अपुऱ्या नोंदीवरून औषधांची मात्रा ठरवणे हे भूलतज्ज्ञांच्या दृष्टीने किती अवघड होते, याची जाणीव आम्हांस उशिराच झाली. रक्तदाब मोजण्याचा नेहमीचा पट्टा जाड दंडावर अपुरा पडतो व त्यामुळे रक्तदाब आहे त्याहून अधिक दिसतो, ही गोष्टही पुस्तकात ठाऊक असून प्रत्यक्षात दुर्लक्षित राहिली होती. आता 300 किलोपर्यंतचा काटा, रुंद पट्टा व हात नसलेली बाके आली आहेत. एका रोगाकडे रुग्णालय रोग म्हणून पाहू लागले, त्याची ही पहिली खूण होय. प्रस्तुत लेखात त्या रोगाची व त्यावरील शस्त्रक्रियेची माहिती आमच्या हितचिंतकांसमोर ठेवीत आहोत.

लठ्ठपणास रोग म्हणण्यास आपला समाज सहजी तयार होत नाही. बाळसे धरलेले मूल आपण कौतुकाने मांडीवर घेतो, लग्नानंतर मुलगी 'अंगाने भरली' म्हणून सासर चांगले मिळाल्याचे समाधान मानतो आणि पोट सुटलेल्या गृहस्थास 'खात्यापित्या घरचा' म्हणतो. ज्या पिढीने दुष्काळ व रेशनच्या रांगा पाहिल्या, तिच्या दृष्टीने यात काही वावगे नव्हते. परंतु याच समाजात वजन आणखी वाढले की कौतुकाची जागा एकदम थट्टा घेते. कौतुक ते थट्टा या दोन टोकांमध्ये वैद्यकीय सल्ल्यास जागाच उरत नाही. आमच्याकडे येणारे बहुसंख्य लठ्ठ रुग्ण वजनाची तक्रार घेऊन येत नाहीत. ते गुडघे दुखतात, पाळी अनियमित आहे, दिवसा झोप आवरत नाही, साखर हटत नाही अशी तक्रार घेऊन येतात. वजनाचा विषय आम्हीच काढावा लागतो, आणि तो कसा काढावा हे आम्हांसही शिकावे लागले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे या संदर्भात बोलके आहेत. 2005-06 मध्ये देशातील 15 ते 49 वयोगटातील 12.6 टक्के स्त्रिया व 9.3 टक्के पुरुष अतिवजनी किंवा लठ्ठ होते. 2019-21 च्या पाहणीत हेच प्रमाण अनुक्रमे 24 व सुमारे 23 टक्के झाले. म्हणजे दीड दशकात स्त्रियांत जवळपास दुप्पट आणि पुरुषांत दुपटीहून अधिक. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब या अभ्यासाचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही असून पोटाचा घेर प्रमाणाबाहेर असलेल्यांची संख्या 35 कोटींच्या घरात आहे. कुपोषण संपले आणि मग लठ्ठपणा आला, असेही झालेले नाही. दोन्ही एकाच वस्तीत, कित्येकदा एकाच घरात नांदत आहेत.

मीरा-भाईंदरपुरते बोलायचे तर हे शहर लठ्ठपणास अनुकूल अशा घाईने वाढले आहे. मिठागरे, भातखाचरे आणि उत्तन-डोंगरीकडील कोळी-आगरी गावे अशा या पट्ट्यात 1985 साली नगरपालिका व 2002 साली महानगरपालिका झाली. 2001 च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आत असलेली लोकसंख्या 2011 मध्ये आठ लाखांच्या वर गेली. येथील नोकरदार पहाटे घर सोडतो, चर्चगेटच्या गाडीत उभा राहून जातो, दिवसभर खुर्चीत बसतो आणि रात्री दहाला जेवतो. स्थानकाबाहेर पाऊल टाकताच वडापाव, शेवपुरी, डोसा, फ्रँकी ही रांग लागते. चालण्यास मोकळा पदपथ मात्र शोधावा लागतो. गृहिणींची स्थिती याहून बरी नाही. सातव्या मजल्यावरील दोन खोल्यांत दिवस जातो, किराणा दारात येतो, आणि उरलेला पदार्थ वाया जाऊ नये म्हणून तो संपवण्याची जबाबदारी घरोघरी आईचीच असते. उपवासाचा उपयोग होईल असे म्हणावे, तर साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे व तूप यांपुढे 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हीच म्हण खरी ठरते.

किती वजन म्हणजे लठ्ठपणा?

वजनास (किलोग्रॅम) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागले असता जो आकडा येतो त्यास बॉडी मास इंडेक्स किंवा बीएमआय म्हणतात. जागतिक व्याख्येनुसार 25 पासून अतिवजन व 30 पासून लठ्ठपणा मानला जातो. भारतीय तज्ज्ञांनी 2009 साली एकमताने या मर्यादा अनुक्रमे 23 व 25 अशा खाली आणल्या. पोटाचा घेर पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटिमीटरपर्यंतच असावा, असेही ठरले.

ही सवलत उलट दिशेची का, याचे उत्तर बऱ्याच अंशी पुण्याने दिले आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासमवेत 2004 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचे छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बीएमआय 22.3 असताना इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात 9.1 टक्के, तर आपल्या डॉक्टरांच्या शरीरात 21.2 टक्के चरबी निघाली. पुण्याजवळील सहा गावांत 1993 पासून चाललेल्या त्यांच्या माता-पोषण अभ्यासात तर हा फरक जन्मतःच दिसला. तेथील नवजात बालके सरासरी 2.7 किलोची, म्हणजे इंग्लंडमधील बालकांपेक्षा सुमारे 800 ग्रॅमने कमी. मात्र ती उणीव स्नायूंत व अवयवांत होती, त्वचेखालची चरबी जवळपास तेवढीच टिकून होती. दिसायला बारीक पण आतून स्थूल, अशी ही प्रकृती. गर्भारपणी मातेस नीट न मिळालेला आहार चाळीस वर्षांनी मधुमेहाच्या रूपाने समोर येतो, हे ध्यानी घेतले म्हणजे हा प्रश्न केवळ जिभेच्या चोचल्यांचा राहत नाही.

'कमी खा, व्यायाम करा' हा सल्ला चुकीचा नाही, पण तीव्र लठ्ठपणात तो बहुधा अपुरा पडतो. वजन उतरू लागले की शरीर ते संकट समजते. जठरात तयार होणारे घ्रेलिन हे भूक चेतवणारे संप्रेरक वाढते, तृप्तीचा संदेश देणारे लेप्टिन घटते, आणि विश्रांतीच्या वेळी खर्च होणारी ऊर्जाही शरीर आवरते घेते. सहा महिने नेटाने पथ्य पाळून 12 किलो उतरवलेली व्यक्ती दोन वर्षांत 14 किलो परत मिळवते, तेव्हा तिचा निश्चय ढळला असे घरचे म्हणतात. वास्तविक तिचे शरीर तिच्याविरुद्ध झगडत असते. हे सांगितल्यावर आमच्यासमोर बसलेल्या कित्येक स्त्रियांचे डोळे भरून आले आहेत.

शस्त्रक्रिया काय करते?

वजन घटवण्यासाठी पचनमार्गावर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांना बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. पोटावरची चरबी ओढून काढण्याच्या सौंदर्यशस्त्रक्रियेशी तिचा काही संबंध नाही. हा गैरसमज आम्हांस आठवड्यातून एकदा तरी दूर करावा लागतो. अमेरिकेतील आयोवा येथील शल्यविशारद डॉ. एडवर्ड मेसन यांनी 1966 च्या सुमारास जठर-बायपासचा पाया घातला. पुढे दुर्बिणीची पद्धत आली आणि पोटावरील मोठ्या छेदाची जागा चार-पाच लहान छिद्रांनी घेतली.

आज दोन प्रकार विशेष रूढ आहेत. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा बाहेरच्या वळणाकडील सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. काढलेल्या भागातच घ्रेलिन मुख्यत्वे तयार होत असल्याने केवळ जागाच नव्हे, तर भूकही कमी होते. 'बायपास'मध्ये जठराच्या वरच्या टोकास जेमतेम 30 मिलिलिटरची पिशवी वेगळी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात; अन्न उरलेले जठर व आतड्याचा आरंभीचा भाग वगळून जाते. याचा नवल वाटावा असा परिणाम मधुमेहावर होतो. वजन फारसे उतरण्याआधीच, कित्येकदा काही दिवसांतच, रक्तातील साखर खाली येऊ लागते. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचल्याने तेथील संप्रेरके स्वादुपिंडास इन्सुलिनसाठी चेतवतात, हे त्याचे एक कारण.

लाभाचे पुरावे भक्कम आहेत. स्वीडनमध्ये 1987 पासून चाललेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांतील मृत्यूंचे प्रमाण न झालेल्यांपेक्षा सुमारे 29 टक्क्यांनी कमी आढळले. अमेरिकेतील एका चाचणीत पाच वर्षांनंतर मधुमेह अत्यंत काटेकोर पातळीवर नियंत्रणात असलेले रुग्ण बायपासनंतर 29 टक्के, स्लीव्हनंतर 23 टक्के आणि केवळ औषधांवर 5 टक्के होते. हाच आकडा उलट बाजूनेही वाचावा : शस्त्रक्रियेनंतरही दहांपैकी सात जण त्या कठोर कसोटीस उतरले नाहीत. 'मधुमेह कायमचा बरा' अशा जाहिरातींवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

धोके आहेत, आणि ते आम्ही संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी नातेवाइकांसमोर मराठीत, हिंदीत वा गुजरातीत सांगतो. टाक्यांच्या रेषेतून गळती होणे, रक्तस्राव, पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणे हे त्यांतील गंभीर धोके. अमेरिकेतील 2009 च्या एका मोठ्या पाहणीत पहिल्या तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण 0.3 टक्के होते. स्लीव्हनंतर काहींना आम्लपित्त व जळजळ बळावते. बायपासनंतर गोड खाताच घाम, धडधड व जुलाब होऊ शकतात, तसेच मद्य फार लवकर चढते. पहिली बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी लागते. वजन उतरताच पाळी नियमित होऊन गर्भ राहण्याची शक्यता वाढते, म्हणून ही सूचना तरुण स्त्रियांना आम्ही दोनदा देतो.

आजन्म चालणारा भाग मात्र वेगळाच आहे. लोह, कॅल्शियम, 'ड' आणि 'ब-12' ही जीवनसत्त्वे बाहेरून घ्यावीच लागतात. भाईंदर पश्चिमेकडील आमचे बरेच रुग्ण शुद्ध शाकाहारी आहेत. त्यांच्यात 'ब-12' ची कमतरता शस्त्रक्रियेपूर्वीच असते, आणि प्रथिनांसाठी डाळ, पनीर, ताक, सोयाबीन यांचा हिशेब आहारतज्ज्ञास ग्रॅमवर मांडावा लागतो. पर्युषणातील आठ दिवसांचा उपवास पहिल्या वर्षी तरी करू नये, हे सांगणे नाजूक असते. एका तरुणाची हकीकत येथे नमूद करावीशी वाटते. शस्त्रक्रिया अन्यत्र झालेली, उलट्या थांबत नव्हत्या, आणि तीन आठवडे घरच्यांनी 'जागा लहान झाली, होणारच' म्हणून काढले. तो आमच्याकडे आला तेव्हा पाय बधिर होऊन तोल जात होता. 'ब-1' जीवनसत्त्वाची ती तीव्र कमतरता होती. शिरेतून थायमिन दिल्यावर तो सावरला, परंतु पायांतील मुंग्या पूर्णपणे गेलेल्या नाहीत.

ही चूक केवळ इतरांच्याच हातून होते असे नाही. आमचे काही रुग्ण सहा महिन्यांनंतर येईनासे झाले, तेव्हा आम्ही त्यांना बेफिकीर ठरवून मोकळे झालो होतो. समाजसेविकांनी दूरध्वनी करून विचारले, तेव्हा कारण निघाले आमचेच : तपासणीची वेळ मंगळवारी सकाळी अकराची. त्या वेळी हे लोक अंधेरीत वा लोअर परळला कामावर असतात आणि अर्ध्या दिवसाचा पगार सोडून कोणी रक्त तपासून घेण्यास येत नाही. तेव्हापासून हा विभाग रविवारी चालतो.

शस्त्रक्रिया कोणास सुचवावी याचे निकष बदलले आहेत. 1991 च्या अमेरिकी निकषांनुसार बीएमआय 40, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास 35 हवा असे. 2022 साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो 35 व 30 असा खाली आणला आणि आशियाई लोकांसाठी 27.5 पासूनच विचार व्हावा असे म्हटले. आपल्या विमा नियामक प्राधिकरणाचे 2019 चे कलम मात्र 40 व 35 हेच आकडे धरून आहे. परिणामी 160 सेंटिमीटर उंचीच्या, 84 किलो वजनाच्या व इन्सुलिन घेऊनही साखर न आटोपणाऱ्या बाईस डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवू शकतात, पण विमा कंपनीच्या लेखी ती पुरेशी लठ्ठ नसते. 90 किलो झाल्यावर या, असे तिला कोणी सांगावे? एका रुग्णाने तर वजन वाढवून येऊ का, असे आम्हांस गंभीरपणे विचारले होते.

2025 साली टिर्झेपेटाइड व सेमाग्लुटाइड ही वजन घटवणारी इंजेक्शने आपल्या देशात आली. ती परिणामकारक आहेत, आणि मध्यम लठ्ठपणात शस्त्रक्रियेआधी त्यांचा विचार व्हावा असे आमचेही मत आहे. परंतु ती थांबवली की उतरलेले वजन बहुतांशी परत येते, आणि महिन्यामागून महिने हा खर्च पेलणे आमच्या बहुतेक रुग्णांना शक्य नाही.

खर्चाचा प्रश्न शस्त्रक्रियेसही चुकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांतील 10 टक्के खाटा निर्धन व 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात व एकूण देयकांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. या शस्त्रक्रियेत मोठा खर्च येतो तो जठर कापून एकाच वेळी शिवणाऱ्या स्टेपलरच्या काडतुसांचा. ती एकदाच वापरता येतात आणि एका रुग्णास पाच-सहा लागतात. शल्यविशारद आपले मानधन सोडतात, काडतुसे मात्र विकतच आणावी लागतात. त्या निधीवर हृदयरोगी, डायलिसिसचे रुग्ण व अपुऱ्या दिवसांच्या बालकांचाही हक्क असल्याने विश्वस्तांनी तूर्त असा क्रम ठरविला आहे : झोपेत श्वास अडण्याचा तीव्र त्रास असलेले रुग्ण प्रथम, अनियंत्रित मधुमेही त्यानंतर. या क्रमाविषयी आमच्या डॉक्टरांतच मतभेद आहेत.

देणगीदारांकडून शस्त्रक्रियेसाठी साहाय्य येते, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. त्यानंतरच्या गोळ्यांसाठी मात्र कोणी विचारीत नाही. जीवनसत्त्वे, कॅल्शियम व वर्षातून दोनदा रक्ततपासणी यांसाठी यंदापासून स्वतंत्र खाते उघडले असून, रविवारच्या विभागात येणाऱ्या गरजू रुग्णांना त्यातून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या जातात.