इंटरनेटवर माहिती शोधण्याची साधने : कोणत्या कामाला कोणते?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील यंत्रमागधारकास सुताचा भाव दलालाकडून कळे आणि परगावची पार्टी कशी आहे हे अडत्या सांगे. ही पद्धत अजून संपलेली नाही व ती संपूही नये. परंतु आज माल घेणारा आणि देणारा दोघेही अगोदर मोबाईलवर शोध घेतात. आपले अनेक व्यापारी व कारागीर बंधू सर्व प्रश्न एकाच ठिकाणी विचारतात आणि जे नाव सर्वात वर दिसेल त्याला फोन लावतात. आगाऊ रक्कम बुडण्याचे, बनावट पार्टीकडे उधारीवर माल जाण्याचे प्रकार येथूनच सुरू होतात. छोट्या कारखानदाराचे भांडवल एकदा असे अडकले की माग बंद राहतात व मजुरांच्या रोजीवर गदा येते. म्हणून कोणते साधन कोणत्या कामाचे, हे समजून घेणे जरुरीचे आहे.

डिरेक्टरी म्हणजे सूची

हा जुना प्रकार. १९९४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या जेरी यँग व डेव्हिड फिलो यांनी ‘याहू’ची सूची सुरू केली. दुकानात सुती, रेशमी, टेरिकॉट असे कप्पे असतात, तशी माणसे संकेतस्थळांची विषयवार मांडणी करीत. इंटरनेट वाढले तशी ही मांडणी अपुरी पडली आणि २०१४ च्या अखेरीस ती सूची बंद झाली.

तिचे व्यापारी रूप मात्र चालू आहे. आपल्याकडे १९९६ साली सुरू झालेल्या ‘इंडियामार्ट’सारख्या सूचीत सूत, ग्रे कापड, रंग, मागाचे सुटे भाग विकणारे हजारो विक्रेते सापडतात. ‘हा माल कोण विकतो?’ या प्रश्नासाठी अशी सूची उत्तम. पण विक्रेता तेथे आपली माहिती स्वतः भरतो आणि पैसे भरून सभासदत्व घेणाऱ्यास जास्त प्रसिद्धी मिळते. तेव्हा सूचीत नाव असणे ही इमानदारीची सनद नव्हे.

शोधयंत्र

दुसरा प्रकार सर्च इंजिनचा. १९९५ चे ‘अल्टाव्हिस्टा’ २०१३ मध्ये बंद झाले. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘गूगल’ने बाजार व्यापला. येथे माणसाऐवजी संगणकाचा प्रोग्राम एका पानावरून दुसऱ्या पानावर जात सर्व शब्दांची नोंद करून ठेवतो. आपण शोधतो ते या नोंदवहीत. त्यामुळे बंद पडलेल्या पेढीचे पानही दिसू शकते आणि जुना दरही समोर येतो. उदाहरणार्थ, कृत्रिम धाग्याच्या सुतावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. जुन्या पानांवर मात्र १२ टक्केच लिहिलेले आढळेल. पानाची तारीख पाहिल्याशिवाय आकडा घेऊ नये.

ज्या उत्तरांवर ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असते ती जाहिरात असते. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हात लिहावा. नको असलेल्या शब्दामागे जागा न सोडता वजा चिन्ह लावावे. बँक किंवा कुरिअरचा मदत क्रमांक शोधयंत्रातून कधीही घेऊ नये. तो पासबुकावरून किंवा पावतीवरून घ्यावा. या वाटेने फसवणारे खूप आहेत.

सरकारी नोंदी

आपल्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचे साधन हेच, आणि सर्वात कमी वापरले जाणारेही हेच. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर करदाता शोधण्याची सोय आहे. त्यासाठी खाते लागत नाही, पैसे लागत नाहीत. पार्टीचा १५ अक्षरी क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, पेढीचे नाव, पत्ता, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, हे सर्व दिसते. विवरणपत्रे भरली आहेत की नाही तेही पाहता येते. नोंदणी रद्द झालेल्याकडून माल घेतला तर भरलेल्या कराची वजावट धोक्यात येते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला बिलात कर लावता येत नाही. त्याने लावला तर तेथेच थांबावे.

हा क्रमांक वाचायलाही शिकावे. पहिले दोन आकडे राज्याचे : महाराष्ट्र २७, गुजरात २४, उत्तर प्रदेश ०९. पुढील दहा अक्षरे पॅनची. क्रमांकातील सहावे अक्षर पी असेल तर व्यक्ती, एफ असेल तर भागीदारी पेढी, सी असेल तर कंपनी. सुरतेची प्रायव्हेट लिमिटेड म्हणवणाऱ्या पार्टीच्या क्रमांकात सहावे अक्षर पी निघाले तर खुलासा मागावा. पैसे पाठवण्यापूर्वी बँक खात्याचे नावही याच नोंदीशी जुळवावे.

स्वतःची छाप तागे किंवा ओढण्यांवर मारण्यापूर्वी ट्रेडमार्कची सरकारी नोंद तपासावी. कापडासाठी २४ वा वर्ग व तयार कपड्यांसाठी २५ वा वर्ग पाहावा. सारख्या उच्चाराची नावेही तेथे शोधता येतात. कापसाचा भाव पाहायचा असल्यास कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया रुईचे दर जाहीर करते.

छायाचित्र व संभाषणाची यंत्रे

नक्षीचे नाव ठाऊक नसेल तर ‘गूगल लेन्स’ने तिचा फोटो काढून तशीच नक्षी शोधता येते. आपले डिझाइन दुसरा कोणी विकतो आहे का, हेही कळू शकते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅट जीपीटी’ आले. अशा यंत्रास मराठीत किंवा उर्दूत प्रश्न विचारता येतो व ते सलग उत्तर देते. परदेशी गिऱ्हाइकास इंग्रजी पत्र लिहिणे, करारातील कलम समजून घेणे यासाठी ते उपयोगी आहे. पण ते चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देते. भाव, कराचा दर, पार्टीची पत याबाबत त्याच्या उत्तरावर विसंबून सौदा करू नये.

खातरजमा

बातमी आली तर तिची तहकीक करा, असा हुकूम सूरह हुजुरातमध्ये आहे. व्यवहारालाही तो लागू आहे. सूचीत नाव शोधावे, शोधयंत्रावर तक्रारी पाहाव्या, सरकारी नोंदीत क्रमांक तपासावा आणि शेवटी त्या पेठेतील ओळखीच्या व्यापाऱ्यास विचारावे. तरीही पहिला सौदा छोटाच करावा. पैसे गेलेच तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त असते. ज्यांना स्वतः हे जमत नाही त्यांनी घरातील शिकलेल्या मुला-मुलींना हे काम सोपवावे. पार्टी तपासायला दहा मिनिटेही लागत नाहीत.