खर्ज धरणाऱ्या चार तारा

बेस गिटार म्हणजे बँडचा खर्ज. नेहमीच्या गिटारला सहा तारा असतात, बेसला बहुधा चार. त्या जाड असतात आणि गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा बरोबर एक सप्तक खाली लागतात. जाडीकडून बारकीकडे त्यांचे स्वर ई, ए, डी, जी. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, त्यानंतरच्या ५५, ७३ आणि ९८ वेळा. इतक्या खालच्या आवाजाला माणसाचा कान मंद असतो. म्हणून बेस वाजत असताना श्रोत्याला तो वेगळा ऐकू येतोच असे नाही, पण थांबला की गाणे पोकळ झाल्याचे लगेच कळते.

हे वाद्य वयाने लहान आहे. त्याआधी हे काम डबल बेस हे माणसाएवढे उंच लाकडी वाद्य करत असे. ते नेणे कठीण आणि बाकी वाद्यांच्या गलक्यात ऐकू येणे त्याहून कठीण. अमेरिकेत सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकात आडवा धरून वाजवायचा विजेचा बेस बनवला होता, पण तो चालला नाही. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. दांडीवर पडदे असल्याने स्वर नेमका लागतो, म्हणून हे नाव. १९६० मध्ये त्यांचाच ‘जॅझ बेस’ आला. आजही दुकानात टांगलेल्या बहुतेक बेस गिटारी या दोहोंपैकी एकीच्या वळणाच्या असतात. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे वाद्य रुजले ते मोठ्या प्रमाणात गोव्याकडच्या वादकांच्या हातून. राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस नुसता कानावर धरून ऐकला, तरी या वाद्याचे अर्धे शिक्षण होते.

पूर्व विदर्भातल्या गोंडपिपरी, पोंभुर्णा, मूल, अहेरी या पट्ट्यात बेस गिटार वाजवू पाहणाऱ्यासमोरचे काम मात्र शहरी रॉक बँडपेक्षा वेगळे असते. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया आणि भंडारा या चार जिल्ह्यांत पसरलेली झाडीपट्टीची रंगभूमी दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत जागी होते आणि होळीपर्यंत चालते. देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे तिच्या नाटक मंडळ्यांचे केंद्र. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. या नाटकांत गाणे हवेच. याशिवाय १४ एप्रिलला आणि चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर १५-१६ ऑक्टोबरला होणाऱ्या सोहळ्यांच्या निमित्ताने भीमगीतांचे कार्यक्रम असतात. नवरात्रातले ऑर्केस्ट्रा आणि लग्नाच्या वराती वेगळ्याच. बेस गिटार नसते तिथे किबोर्डवाला डाव्या हाताने खालचे स्वर दाबत राहतो. त्याचा तो हात मोकळा झाला, की तो सनई, बासरी, व्हायोलिनच्या जागा नीट भरू शकतो. लहान बँडला बेस गिटारचा पहिला फायदा होतो तो इथे.

वाद्य निवडताना पहिला प्रश्न येतो तो चार तारांची घ्यावी की पाच तारांची, आणि त्याचे उत्तर गायकाच्या पट्टीत आहे. इकडचा गायक ‘डी शार्प’ म्हणत नाही, ‘काळी दोन’ म्हणतो. पुरुष गायक बहुधा काळी एक, काळी दोनच्या आसपास गातात, तर स्त्रिया काळी चार, काळी पाचच्या. काळी चार म्हणजे बेसच्या सर्वांत जाड तारेवरचा चौथा पडदा, तिथे काही अडचण नाही. काळी एक सापडते दुसऱ्या तारेच्या चौथ्या पडद्यावर आणि काळी दोन त्याच तारेच्या सहाव्यावर. पण काळी दोनचा त्याखालचा षड्ज, सेकंदाला सुमारे ३९ कंपनांचा, चार तारांच्या गिटारमध्ये नसतो, कारण तिची सर्वांत खालची मोकळी तार त्याच्या अर्धा स्वर वर संपते. पाच तारांच्या बेसला खाली बी ची आणखी एक तार असते. तिच्या चौथ्या पडद्यावर हा षड्ज मिळतो.

तेवढ्यासाठी नवशिक्याने पाच तारांची घेऊ नये. तिची दांडी रुंद असते, न वाजणाऱ्या तारा दाबून गप्प ठेवणे अवघड जाते आणि तो अतिखर्ज भाड्याच्या स्पीकरमधून धड बाहेरही पडत नाही. त्यापेक्षा जुनी युक्ती चांगली. चारही तारा अर्धा स्वर उतरवून लावाव्यात. मग मोकळ्या तारा अनुक्रमे काळी दोन, काळी चार, काळी एक आणि काळी तीन अशा बोलतात. पाचांपैकी चार काळ्या पट्ट्या बोट न ठेवता हाताशी येतात, आणि मराठी गाण्यातला बेस मुख्यतः षड्जाभोवतीच फिरत असल्याने हा सोयीचा मामला आहे. उतरवलेल्या तारा सैल पडून पडद्यांवर खडखडतात, तेव्हा नेहमीच्या ४५ ते १०५ मापाच्या संचाऐवजी ५० ते ११० चा संच चढवावा.

दुसरी निवड साध्या आणि बॅटरीवाल्या गिटारची. ज्यांना दुकानदार ‘ॲक्टिव्ह’ म्हणतात, त्यांच्या पोटात ९ व्होल्टची बॅटरी आणि आवाज घडवणारे छोटे सर्किट असते. आवाज स्वच्छ येतो, पण वायर खोचून ठेवली की वाजवले नाही तरी बॅटरी उतरत राहते. नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. दुसऱ्या अंकात बॅटरी संपली, तर रात्री दोन वाजता खेड्यात ती मिळायची नाही. बॅटरी नसलेली, एक किंवा दोन पिकअपची साधी गिटार ही या भागासाठी जास्त विश्वासाची.

लाकडाबद्दल चंद्रपूरच्या माणसाला कुतूहल असणारच. बल्लारपूर-आलापल्लीचा सागवान नावाजलेला, पण गिटारच्या अंगाला सहसा आल्डर, बासवूड, महोगनी यांसारखी लाकडे आणि दांडीला मेपल वापरतात. भारतीय लाकडांपैकी जगभर गिटारींवर दिसते ते शिसव, पडद्यांखालच्या पट्टीसाठी. स्वस्त गिटारमध्ये मात्र लाकडाच्या जातीपेक्षा दांडीचा सरळपणा महत्त्वाचा. गिटार डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून दांडीकडे पाहावे. तारांच्या दिशेने किंचित खोलगट वाक असणे योग्य, पीळ असेल तर ती गिटार खाली ठेवावी. मग प्रत्येक तारेचा प्रत्येक पडदा एकेक करून वाजवावा. बाराव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत दोन ते अडीच मिलिमीटर अंतर असले, की बोट दुखत नाही आणि तार खडखडत नाही. मोकळ्या तारेचा स्वर आणि बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर बरोबर सप्तकाच्या अंतराने यावेत. तसे नसेल तर घोडी मागेपुढे करून ते साधता येते. शेवटी पट्टा लावून पंधरा मिनिटे उभे राहावे. वजन बहुधा साडेतीन ते साडेचार किलो असते आणि दांडी खाली झुकत असेल तर डावा हात वाजवायचे सोडून तिला सावरण्यातच थकतो. चंद्रपूर किंवा नागपूरपर्यंत जाऊन, हातात घेऊन गिटार विकत घेण्याचे कारण हेच. नुसत्या फोटोवरून यातले काहीच कळत नाही.

गिटार घेतली म्हणजे निम्मे काम झाले. आवाज बाहेर कुठून पडणार, हा उरलेला निम्मा भाग, आणि बहुतेक नवे वादक पैसे कमी करतात ते इथेच. वरातीच्या गाडीवरच्या भोंग्यातून बेस येतच नाही. साधारण ३०० कंपनांखालचे स्वर भोंगा जवळजवळ गिळून टाकतो, तेव्हा तिथे चार तारांचे बहुतेक कष्ट वाया जातात. खालच्या स्वरांना मोठा स्पीकर आणि जास्त शक्ती लागते. शिवाय वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट वाटत नाही, त्यासाठी सुमारे दसपट वॅट लागतात. सरावासाठी १२ किंवा १५ इंची स्पीकरचा, १०० वॅटच्या आतला बेस अँप्लिफायर पुरे. साध्या गिटारच्या अँप्लिफायरला बेस जोडून जोराने वाजवू नये, स्पीकर फाटतो.

स्टेजसाठी तीनशे वॅटचे धूड गाडीत घालून फिरण्यापेक्षा डीआय बॉक्स नावाची तळहाताएवढी डबी घ्यावी. गिटारची साधी वायर सहा मीटरपेक्षा लांब झाली की आवाज बोथट होतो आणि वाटेतला विजेचा गुणगुणाट तीत शिरतो. डीआय बॉक्स तोच आवाज माइकच्या तिहेरी वायरवर चढवतो. मग तो पन्नास मीटर दूर मिक्सरपर्यंत स्वच्छ पोचतो आणि साउंडवाल्याच्या मोठ्या स्पीकरमधून वाजतो. बेसवाल्याला स्वतःचे ऐकायला लहान अँप्लिफायर जवळ असला की झाले.

विजेच्या बाबतीत हयगय नको. आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० आहे आणि बेसच्या जाड तारेवरचा तिसरा पडदा ४९ वर बोलतो. त्यामुळे अर्थिंग बिघडले की येणारा गुणगुणाट बेसच्याच जागेत येऊन बसतो. तो घालवण्यासाठी प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकण्याची खोड अनेक ठिकाणी दिसते. ती जिवावर बेतणारी आहे. बेसच्या तारा आतून अर्थिंगला जोडलेल्या असतात. अँप्लिफायर जनरेटरवर आणि माइकचा मिक्सर गावच्या लाइनवर असेल, तर तारेवर बोटे आणि माइकला ओठ लागताच झटका बसू शकतो. सगळी वाद्ये एकाच बोर्डावर, खऱ्या अर्थिंगवर, आणि मध्ये ३० मिलिअँपिअरला तुटणारा ब्रेकर ही व्यवस्था करूनच वाजवायला बसावे. गुणगुणाट उरलाच, तर डीआय बॉक्सवरचे ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण त्यासाठीच असते.

वाजवण्याचे म्हणाल, तर बेसवाल्याचा जोडीदार गायक नसून ढोलकी-तबलावाला असतो. केरव्याच्या ‘धा गे ना ति, न क धि न’ या आठ मात्रांत डग्गा घुमतो तो पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. बेसने समेवर षड्ज ठेवावा, सातव्या मात्रेवर पंचम किंवा पुढच्या स्वराकडे नेणारा स्वर द्यावा आणि बाकी जागा डग्ग्याला सोडावी. या दोन जागांपलीकडेही दोघे एकाच वेळी खाली घुमत राहिले, तर दोघांचाही चिखल होतो. दादऱ्यात सम भक्कम आणि चौथी मात्रा हलकी, कारण तिथे खाली आहे. ऑक्टोपॅड असेल तर त्याच्या ‘किक’बरोबर बेसचा स्वर एकाच क्षणी सुटला पाहिजे. बोटांचा वेग त्यानंतर कधीही येतो.

नाट्यपदात आणखी जपावे लागते. पंचम सगळीकडे चालतो असे समजून तो दाबत राहिले, तर मालकंससारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागाचा जीव जातो. तिथे षड्ज आणि मध्यमावर राहावे. गायक आलापात शिरला, की बेसने एक लांब षड्ज धरून गप्प बसणे हेच उत्तम वादन. सूर जुळवतानाही यंत्रावर आंधळा विश्वास नको. किबोर्ड ठरलेल्या पट्टीत असतो, पण जुनी हार्मोनियम थोडी चढी किंवा उतरी असू शकते. ती साथीला असेल तर तिच्याच स्वराला तारा लावाव्यात.

इथली हवा हा या वाद्याचा सर्वांत कडक परीक्षक. पौषातल्या रात्री उघड्या मांडवात गारठ्याने तारा आकसून चढतात, दिव्यांच्या झळीत सैल होऊन उतरतात. म्हणून प्रत्येक अंकाआधी खुंट्या तपासाव्या लागतात. पहाटेच्या दवाने तारा गंजतात. कोरड्या सुती फडक्याने पुसून गिटार पिशवीत घातली, की त्या बरेच जास्त दिवस टिकतात. निर्जीव झालेला संच पाण्यात उकळून, पूर्ण वाळवून पुन्हा चढवला तर काही कार्यक्रम निघतात. नवा संच महाग आणि दुकान लांब, अशा ठिकाणी ही युक्ती उपयोगी आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दांडीचे लाकूड सुकून आकसते आणि पडद्यांची टोके कडेला बोटांना टोचू लागतात. जुलैच्या दमट हवेत तेच लाकूड फुगते आणि दांडीचा वाक बदलतो. तो वाक नीट करणारी दांडीतली लोखंडी सळई एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये आणि पुढची पाव फेरी दुसऱ्या दिवशी द्यावी.

होळीनंतर हंगाम संपला, की गिटार टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर टाकू नये. ती आतल्या खोलीत, भिंतीपासून थोडी दूर, उभी ठेवावी. तारा पूर्ण सोडू नयेत, एखादा स्वर उतरवल्या तरी पुरे. बॅटरीवाली असेल तर बॅटरी काढून ठेवावी. मंडईच्या आधी पंधरा दिवस ती बाहेर काढून तारा चढवल्या, तर दांडीला पुन्हा ताणाची सवय व्हायला तेवढा वेळ पुरतो.