‘यात्रा झाली की बसतो अभ्यासाला’

येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते आणि कॉलेजच्या उन्हाळी परीक्षाही याच सुमारास येतात. त्यामुळे ‘यात्रा झाली की बसतो अभ्यासाला’ हे वाक्य इथल्या घरांना नवे नाही. कळंब, बार्शी, धाराशिवला शिकणारी मुले ते अगदी मनापासून म्हणतात. यात्रा होते, पाहुणे परततात. मग ऊन फार असते, मग चुलतभावाचे लग्न निघते.

घरात याला आळस म्हणतात. हे निदान बहुतेक वेळा चुकते. आळशी माणूस निवांत झोपतो; चालढकल करणाऱ्याला झोप लागत नाही. सिरॉइस आणि पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडले, की माणूस कामापेक्षा त्या कामाने मनात येणारी भीती, कंटाळा, कमीपणा टाळत असतो. पुस्तक मिटले की क्षणभर बरे वाटते आणि त्या बरे वाटण्यानेच सवय पक्की होते.

किंमत शरीर मोजते. अमेरिकेत टाइस आणि बाउमायस्टर यांनी १९९७ मध्ये विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणारे इतरांपेक्षा निवांत होते. सत्र संपताना त्यांचाच ताण जास्त, दुखणी जास्त आणि गुण कमी. परीक्षेच्या तोंडावरचे पित्त, डोकेदुखी, छातीतली धडधड यांचे मूळ अनेकदा इथे असते.

घराचा यात वाटा किती? डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात पालकांचे तीन प्रकार सांगितले : हुकूम चालवणारे, मोकळे सोडणारे आणि नियम घालून त्याचे कारणही सांगणारे. फेरारी आणि ऑलिव्हेट यांना १९९४ मध्ये तरुण मुलींच्या चालढकलीचा संबंध वडिलांच्या हुकमी वागण्याशी दिसला. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नाही, आणि सोयाबीन विकून फी भरणाऱ्या बापाच्या चढ्या आवाजात काळजीच असते. पण ‘नापास झालास तर घरी येऊ नको’ हे ऐकलेल्या मुलाला पुस्तक उघडताना आधी ते वाक्य आठवते.

गंमत अशी, की हाच बाप पेरणी उद्यावर ढकलत नाही. रानाला वापसा आला की काय करायचे ते ठरलेले असते, बी-खत घरात असते, शेजारच्या रानात तिफण चाललेली दिसते. मुलापुढे मात्र एकट्यानेच चढायचा ‘सगळा सिलॅबस’ असतो. त्याचे तुकडे पाडावेत : दुसऱ्या धड्याची दोन पाने, दहा मिनिटे, शक्यतो मित्रासोबत. फुकट गेलेल्या दिवसांबद्दल स्वतःला कोसत बसू नये. कॅनडातील २०१० च्या एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधीच्या चालढकलीबद्दल स्वतःला माफ करणाऱ्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी ती कमी केली.

आणि फोनवर ‘किती टक्के पडतील?’ऐवजी ‘आज कुठं अडलं?’ असे विचारून पाहावे. उत्तर द्यायला मुलगा थोडा वेळ घेईल.

मात्र दोन आठवडे झोप-जेवण उडाले, मूल कोणाशी बोलेना किंवा जगण्यात अर्थ नाही असे म्हणू लागले, तर परीक्षा संपण्याची वाट पाहू नये. डॉक्टरांना दाखवावे, ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.